हळदीचा रंग आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

शेतातील माल गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तेव्हा त्याच्यासोबत त्या मालाविषयीची माहितीही जात असते. ही माहिती कधी दुकानदाराच्या तोंडची असते, कधी पिशवीवर छापलेली असते, तर कधी ती मालाच्या रंगरूपातच सामावलेली असते. हळकुंड पिवळेधमक दिसले की ते उत्तम प्रतीचे आहे असे गिऱ्हाईक समजते. येथे कोणी काहीच बोललेले नसते. तरीही एक विधान केले गेलेले असते, ते खरे धरले गेलेले असते आणि त्यावर विसंबून पैसे मोजले गेलेले असतात. हे विधान खोटे ठरले तर काय घडते, आणि ते खरे राहावे म्हणून हळद पिकविणाऱ्याने, शिजविणाऱ्याने व दळून विकणाऱ्याने कोणती काळजी घ्यावयास हवी, याचा विचार या लेखात केला आहे.

अन्नपदार्थाचे गुण तीन प्रकारचे असतात. काही गुण विकत घेतानाच दिसतात. वांगे किडके आहे की नाही, भेंडी कोवळी आहे की जून, हे पारखण्यास दुसऱ्या कोणाची साक्ष लागत नाही. काही गुण खाल्ल्यावर कळतात. कलिंगड गोड निघाले की फिके, हे घरी नेऊन कापल्यावरच समजते. फसगत झालीच तर पुढच्या खेपेस गिऱ्हाईक दुकान बदलते. परंतु तिसऱ्या प्रकारचे गुण असे आहेत की, ते पाहून कळत नाहीत आणि खाऊनही कळत नाहीत. द्राक्षावर फवारलेल्या औषधाचा अंश किती उरला आहे, तेलात दुसऱ्या कोणत्या तेलाची भर आहे, भुईमुगाच्या दाण्यात बुरशीचे विष आहे काय, हळदीत शिसे आहे काय, या प्रश्नांचे उत्तर जिभेला देता येत नाही. येथे गिऱ्हाइकाला कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो. वनस्पतिजन्य अन्नाच्या व्यापारातील बहुतेक भांडणे व बहुतेक अनर्थ या तिसऱ्या प्रकारातून उद्भवले आहेत.

बांगला देशातील प्रकरण

हळदीच्या बाबतीत याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बांगला देशात घडले. तेथील ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे संशोधकांना आढळले. या स्त्रिया कारखान्यांजवळ राहणाऱ्या नव्हत्या. मोटारींच्या धुराचाही त्यांना विशेष संपर्क नव्हता. तेव्हा शिसे येते कोठून, याचा शोध सुरू झाला. शेतीत वापरली जाणारी औषधे, शिशाचा डाक दिलेले डबे व हळद अशा निरनिराळ्या गोष्टींवर संशय होता. शिशाच्या अणूंचेही काही भेद असतात व ते शिसे कोठल्या साठ्यातून आले यानुसार त्यांचे परस्परप्रमाण बदलते. रक्तातील शिशाचे हे प्रमाण तपासले असता ते हळदीत सापडलेल्या शिशाशी जुळले. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हळद पिकविणाऱ्या ज्या नऊ जिल्ह्यांत पाहणी झाली, त्यांपैकी सात जिल्ह्यांत लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग हळदीला लावला जात असल्याचा पुरावा मिळाला. हा रंग वस्तुतः घरांच्या व यंत्रांच्या रंगलेपात घालावयाचा आहे.

ही प्रथा सुरू कशी झाली ती हकीकत शेतकऱ्याने मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोठे पूर आले. हळद भिजली, नीट वाळली नाही आणि काळपट पडली. काळपट हळकुंडास घाऊक बाजारात भाव मिळेना. तेव्हा पॉलिश करण्याच्या वेळी पिंपात चिमूटभर पिवळा रंग टाकून ती उजळण्याची युक्ती कोणीतरी काढली. एका वर्षाची ही अडचण पुढे नित्याची रीत बनली. कारण रंगविलेली हळद इतकी झळाळे की, तिच्या शेजारी ठेवलेली चांगली, न रंगविलेली हळद फिकी दिसू लागली. गिऱ्हाईक झळाळी मागते म्हणून व्यापारी झळाळी मागू लागला आणि व्यापारी मागतो म्हणून पॉलिश करणारा रंग टाकू लागला. यातील पुष्कळांना तो रंग विषारी आहे याची कल्पनाच नव्हती. प्रत्येकाने आपल्या पुढच्या माणसाची आवड सांभाळली आणि शेवटी त्या आवडीची किंमत मुलांनी मोजली.

२०१९ नंतर तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्रांतून व बाजारपेठांतून सूचना लावल्या. ढाक्याच्या शामबाजार या घाऊक पेठेत हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने हळदीची तपासणी झाली, माल जप्त झाला, दोषी व्यापाऱ्यांस दंड झाला आणि ही कारवाई लोकांना दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. परिणाम त्वरित दिसला. २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. हळदीच्या गिरण्यांतील मजुरांच्या रक्तातील शिसेही पुढे कमी झाले. चाळीस वर्षांची खोड दोन वर्षांत सुटली, कारण या वेळी रंग तपासणारा व रंग पाहून भुलणारा अशा दोघांनाही एकाच सुमारास खरी माहिती मिळाली.

हा प्रश्न केवळ शेजारच्या देशाचा आहे असे मानून चालणार नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतील २३ शहरांतून गोळा केलेल्या हळदीच्या नमुन्यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर आढळले आणि सर्वांत अधिक प्रमाण पाटण्याच्या बाजारातील हळदीत मिळाले. उरलेल्या बहुसंख्य नमुन्यांत दोष नव्हता ही गोष्ट खरी. परंतु पिवळा रंग पाहून दोषी व निर्दोष माल वेगळा काढता येत नाही, हीच तर अडचण आहे.

शिसे शरीरात काय करते

शिसे शिजविल्याने जळत नाही व धुतल्याने पूर्णपणे जात नाही. शरीर त्याला चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या जागी घेते व हाडांत साठवून ठेवते. स्त्री गरोदर राहिली म्हणजे हाडांतील हा साठा रक्तात उतरतो व गर्भापर्यंत पोचतो. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो. मूल आजारी दिसत नाही, त्याला तापही येत नाही. परंतु त्याची आकलनशक्ती कमी होते, ते चंचल व चिडखोर बनते, आणि गेलेली शक्ती परत येत नाही. मोठ्या माणसांत रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांस इजा पोचते. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपल्याकडे हळद रोजच्या भाजी-आमटीत पडते, बाळंतिणीला व आजारी मुलाला ती दुधातून औषध म्हणून दिली जाते. जी वस्तू विश्वासाने औषध म्हणून घेतली जाते तिच्यातूनच विष जावे, यापरते दुर्दैव नाही.

खरा रंग कसा येतो व कसा जातो

हळदीचा पिवळा रंग कुरकुमीन या द्रव्यामुळे येतो. जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे व पक्वतेप्रमाणे त्याचे प्रमाण कमीअधिक असते. सर्वसाधारणपणे ते २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान असते. हा रंग कंदाच्या गरात असतो, सालीवर नसतो. हळकुंड बाहेरून मातकट दिसले तरी मोडल्यावर आत गर्द नारिंगी-पिवळे निघू शकते. उलट बाहेरून चकचकीत हळकुंड आत फिके निघू शकते. हा फरक ज्याला समजला तो सौदा करताना हळकुंड मोडून पाहतो. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज यावा ही जुन्या पारख्यांची कसोटीही योग्यच आहे. पण ती वाळवणीची कसोटी आहे, रंगाची नव्हे.

सालीवरची कळा मात्र काढणीनंतरच्या कामावर अवलंबून असते. कंद काढून, स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवसांच्या आत शिजवावेत. गड्डे व हळकुंडे वेगळी शिजवावीत, कारण गड्ड्यांना वेळ अधिक लागतो. साध्या कढईत पाऊण ते एक तास लागतो. पाण्यावर फेस येतो व हळदीचा विशिष्ट वास सुटतो. काडी टोचल्यास ती सहज आत शिरली म्हणजे हळद शिजली असे समजावे. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते, तर अधिक शिजलेली हळद रंग गमावते. शिजलेली हळद उन्हात पाच ते सात सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरावी. पातळ थर लवकर वाळेल असे पुष्कळांस वाटते, पण फार पातळ थरात ऊन थेट लागून रंग उतरतो. रात्री ढीग करून झाकून ठेवावे. दहा ते पंधरा दिवसांत ओलावा सुमारे दहा टक्क्यांवर येतो. शंभर किलो ओल्या हळदीपासून जातीनुसार १८ ते २५ किलो वाळलेली हळद मिळते.

नंतर पिंपात घालून पॉलिश केली म्हणजे खरबरीत साल व मुळ्यांचे अवशेष निघून जातात. पॉलिशच्या शेवटी हळदीचीच पूड टाकून रंग देण्याची रीत जुनी व निर्दोष आहे; शंभर किलोस सुमारे दोन किलो पूड पुरते. हळदीला रंग द्यावयाचाच असेल तर तो हळदीचाच असावा. बाहेरचा कोणताही रंग, मग तो विकणाऱ्याने "खाण्याचा" म्हणून दिलेला असला तरी, पिंपात जाता कामा नये. पॉलिश भाड्याच्या यंत्रावर होत असेल तर मालकाने स्वतः अथवा घरच्या माणसाने तेथे उभे राहावे. आधीच्या खेपेस यंत्रात कोणाची हळद होती व तिला काय लावले होते हे विचारून घ्यावे आणि पिंप झाडून, पुसून मगच आपला माल घालावा. असे विचारणे काहींना संकोचाचे वाटेल. परंतु दुसऱ्याच्या मालाचा रंग आपल्या मालाला लागला तर नमुना आपल्या नावाने नापास होतो, दुसऱ्याच्या नव्हे.

महाराष्ट्रात काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते आणि अलीकडे या दिवसांत अवकाळी पाऊस वारंवार येतो. शिजवून पसरलेली हळद भिजली म्हणजे बांगला देशात १९८० नंतर उभा राहिला होता तोच प्रश्न येथील शेतकऱ्यापुढे उभा राहतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने काढणीपूर्वीच ताडपत्री, उंचवट्यावरील खळे व गावात वाळवणी यंत्राची सोय असल्यास तिची पाळी यांची चौकशी करून ठेवावी. एवढे करूनही हळद काळवंडलीच तर ती दुय्यम प्रत म्हणून वेगळी ठेवावी व तसे सांगूनच विकावी. बुरशी लागलेली नसेल तर अशी हळद दळण्यास चालते. साल काळवंडल्याने गरातील कुरकुमीन नाहीसे होत नाही, हे प्रयोगशाळेच्या दाखल्यानिशी पूड करणाऱ्यास पटविता आले तर भाव फारसा पडू नये. बुरशी लागलेला माल मात्र कोणत्याही प्रतीत धरू नये.

साठवणीचा एक इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत साठविली जात असे. पेवात ऊन पोचत नाही. त्यामुळे हळदीचा रंग वर्षानुवर्षे टिके. व्यापारी न पाहिलेल्या मालाच्या पावतीवर व्यवहार करीत, इतका पेववाल्याचा शब्द पक्का मानला जाई. २००५ च्या महापुरात या पेवांचे फार नुकसान झाले आणि त्यानंतर साठवण बहुतेक गुदामांत व शीतगृहांत गेली. कुरकुमीन प्रकाशाने नासते, हे रसायनशास्त्र पेव खणणाऱ्यांस माहीत नव्हते. पण अंधारात रंग टिकतो हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. आजही हळद पारदर्शक पिशवीत भरून दुकानाच्या दर्शनी उन्हात टांगणे अयोग्यच होय.

पिशवीवर काय लिहावे, काय लिहू नये

शेतकरी आपल्या शेतात पिकविलेली हळद जशीच्या तशी विकतो तोवर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ त्याला लागू होत नाही. कायद्यातच शेतकऱ्यास तशी सूट आहे. परंतु तोच शेतकरी, एखादा बचत गट किंवा उत्पादक कंपनी हळद दळून पिशव्यांत भरून विकू लागली म्हणजे तो अन्न-व्यवसाय ठरतो. त्याची नोंदणी करावी लागते किंवा परवाना घ्यावा लागतो व त्याचा चौदा आकडी क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. या क्रमांकाचा अर्थ गिऱ्हाइकास नीट सांगितला पाहिजे. धंदा करणारा कोण आहे व त्याला कोठे गाठावे हे त्या क्रमांकावरून कळते. पिशवीतील हळद सरकारने तपासली आहे असा त्याचा अर्थ नाही. हिरव्या चौकोनातील हिरव्या ठिपक्याचेही तसेच आहे. पदार्थ शाकाहारी आहे एवढेच तो ठिपका सांगतो. पदार्थ शुद्ध आहे, आरोग्यास हितकर आहे किंवा सेंद्रिय आहे, यांपैकी काहीही तो सांगत नाही. शिसे लावलेल्या हळदीच्या पिशवीवरही हिरवा ठिपका असू शकतो.

अ‍ॅगमार्क ही खूण यांपेक्षा वेगळी आहे. तिचा आधार १९३७ चा कृषि-उत्पादन प्रतवारी व चिन्हांकन कायदा होय. येथे मालाची प्रत ठरवून दिलेली असते व त्या प्रतीस माल उतरतो किंवा नाही याची तपासणी करूनच खूण लावावयाची असते. अन्न सुरक्षा नियमांतही हळदीच्या पुडीचे मानक दिलेले आहे: ओलावा १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, कुरकुमीन २ टक्क्यांपेक्षा कमी नसावे, आणि लेड क्रोमेटची चाचणी नकारार्थी यावी. हळद भरणाऱ्या गटाने हे तीन आकडे तरी तोंडपाठ ठेवावेत.

काही शब्द पिशवीवर फार सहज छापले जातात. शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक, अस्सल या शब्दांचा वापर केव्हा करावा याला २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनी अटी घातल्या आहेत. सेंद्रिय हा शब्द तर प्रमाणीकरणावाचून वापरताच येत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा सहभागी हमी पद्धती यांपैकी एकाचे प्रमाणपत्र त्यासाठी असावे लागते. शेणखत घातले व फवारणी केली नाही एवढ्याने शेतकऱ्याच्या मनात हळद सेंद्रिय ठरते, आणि त्याची भावना प्रामाणिकही असते. पण गिऱ्हाईक त्याच्या शेतावर आलेले नसते. प्रमाणपत्र नसेल तेथे "शेणखतावर वाढविलेली, फवारणी न केलेली" असे जे खरोखर केले तेवढेच सांगावे, आणि ते नोंदवहीत दाखविता यावे.

गावाच्या नावाचीही एक हमी असते. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीसही असे मानांकन आहे व ती कुरकुमीनाच्या अधिक प्रमाणासाठी प्रसिद्ध आहे. मानांकन मिळालेले नाव त्या क्षेत्रातील नोंदणीकृत वापरकर्त्यांनीच वापरावयाचे असते. दुसऱ्या प्रांतातून आणलेली हळद सांगलीच्या बाजारात विकली गेली म्हणून ती सांगलीची हळद होत नाही. आपल्याच भागातील एखादा व्यापारी असा माल त्या नावाने भरू लागला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. त्या नावाची पत पिढ्यान्‌पिढ्या हळद पिकविणाऱ्यांनी मिळविली आहे.

सर्वांत मोठा मोह औषधी गुण छापण्याचा असतो. हळदीने सांधेदुखी, मधुमेह, कर्करोग बरा होतो असा मजकूर अनेक पिशव्यांवर व पत्रकांवर आढळतो. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने रोग बरा होतो असे म्हणण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्यामागील कारणही योग्य आहे. प्रयोगशाळेत कुरकुमीनाचे काही परिणाम दिसले आहेत. परंतु खाल्लेल्या हळदीतील कुरकुमीन रक्तात फारच थोडे शिरते. ज्या रुग्णाने या मजकुरावर विश्वास ठेवून औषध बंद केले त्याची हानी कोण भरून देणार? घरगुती वापराची परंपरा ही वेगळी गोष्ट आहे. जखमेवर हळद लावण्याच्या याच परंपरेवर १९९५ मध्ये अमेरिकेत एक एकस्व दिले गेले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील उल्लेख पुढे ठेवून त्यास हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा उपयोग सर्वांस ठाऊक होता एवढे सांगून भागले नसते. तो लिहून ठेवलेला होता म्हणून निकाल लागला.

हळदीखेरीज इतर माल

डाळी व तेले यांच्या बाबतीतही हाच न्याय आहे. विदर्भातील धानाच्या बांध्यांत पिकणारी लाख किंवा लाखोळी ही डाळ कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी सोबतीण आहे. तिच्यात एक चेताविष असते व महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ल्यास पायांना लुळेपणा येतो. म्हणून १९६१ मध्ये मानवी आहारासाठी तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. महाराष्ट्राने २००८ मध्ये ही बंदी उठविली. कमी विषाचे वाण निघाल्यावर तिच्याविषयी पुन्हा विचार होऊ लागला आहे. लाख खावी की न खावी हा वेगळा प्रश्न. पण तुरीच्या डाळीत ती गुपचूप मिसळली जाते तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा गिऱ्हाइकाचा हक्कच हिरावून घेतला जातो. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने साठांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या तेलावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि त्याचा फटका प्रामाणिक घाणेवाल्यांनाही बसला.

याच्या उलट एक उदाहरण वनस्पती तुपाचे आहे. ते साजुक तुपात मिसळले तर डोळ्यांस ओळखू येत नसे. तेव्हा वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे असा नियम करण्यात आला. तिळाच्या तेलाला ठरावीक रसायनाने लाल रंग येतो; त्यामुळे साजुक तुपातील भेसळ प्रयोगशाळेत तात्काळ उघड होऊ लागली. न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून कायद्याने मुद्दाम खूण घातल्याचे इतके साधे व हुशारीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉलमुक्त" असे लिहिलेले असते त्याविषयीही गिऱ्हाईक विचारीत असते. खाण्याच्या वनस्पतिजन्य तेलांत कोलेस्टेरॉल नगण्यच असते. भुईमुगात नाही, करडईत नाही, तिळातही नाही. विधान खोटे नाही, पण शेजारच्या डब्यात ते आहे असा समज त्यातून होतो. बचत गटाने आपल्या घाण्याच्या तेलाची विक्री अशा शब्दांवर उभारू नये. दाणे कोठले, तेल केव्हा काढले व किती दिवस टिकेल, एवढे लिहिणे पुरेसे आहे.

पारख व नमुना

घरी करण्याजोगी साधी पारख अशी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात एक चमचा हळदपूड टाकावी व न ढवळता ठेवावी. चांगली पूड खाली बसते व पाण्याला फिका पिवळा रंग येतो. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळे होते. अखंड हळकुंड पाण्यात टाकताच पिवळा रंग सुटू लागला तर त्याला वरून काही लावले आहे असा संशय घ्यावा. हा लेप हळदीच्याच पुडीचा असू शकतो, म्हणून केवळ यावरून कोणावर आरोप करू नये. ही पारख संशय उत्पन्न करण्यापुरती आहे. शिसे आहे किंवा नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

हळद भरणाऱ्या गटाने प्रत्येक खेपेला क्रमांक द्यावा व नोंदवहीत त्या क्रमांकासमोर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, वाण, शेवटच्या फवारणीची तारीख व औषध, शिजविल्याची तारीख, वाळवणीचे दिवस, पॉलिश कोठे झाले, आणि माल कोणास गेला, इतके लिहावे. तोच क्रमांक पिशवीवर छापावा. तक्रार आली तर संपूर्ण माल परत न बोलावता तेवढीच खेप बाजूला काढता येते. नमुना घेताना एकाच पोत्याच्या तोंडचा माल घेऊ नये. सात-आठ पोत्यांच्या वरून, मधून व तळातून थोडा थोडा घेऊन एकत्र मिसळावा व त्याचे सारखे भाग करावेत. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा व दुसरा लाखेने किंवा सहीच्या पट्टीने बंद करून, खेपेचा क्रमांक घालून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावा. हा राखून ठेवलेला भाग त्या खेपेची विक्री संपून मुदत उलटेपर्यंत टाकू नये.

गिऱ्हाइकासही तपासणीचा मार्ग खुला आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कोणीही खरेदीदार ठरलेली फी भरून आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र त्याने खरेदीच्या वेळीच तसा आपला उद्देश विक्रेत्यास सांगावयास हवा. नमुना दोषी ठरल्यास भरलेली फी त्याला परत मिळते.